जागतिक राजकारणाच्या अभ्यासाचे निर्वसाहतीकरण : सीमाभागातील विद्यार्थ्यांनी ते कसे वाचावे आणि कसे लिहावे

बेळगाव, खानापूर, निपाणी किंवा चिकोडी येथे राज्यशास्त्र घेऊन पदवी अथवा पदव्युत्तर परीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे ‘जागतिक राजकारणाच्या अभ्यासाचे निर्वसाहतीकरण’ हा विषय आला की बहुतेकांची उत्तरे दोन ठरावीक वाटांनी जातात. काही जण दुसऱ्या महायुद्धानंतर आशिया आणि आफ्रिकेतील देश कसे स्वतंत्र झाले याची हकिकत लिहितात, तर काही जण पाश्चात्त्यांचे सिद्धान्त बाजूला सारून आपल्या प्राचीन राजनीतीचा स्वीकार करावा असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. पहिल्या उत्तरात विषय निसटतो. दुसऱ्यात त्याचा विपर्यास होतो. या दोन्ही वाटा टाळून विषय कसा वाचावा, आपल्या परिसरातील कोणत्या साधनांवर तो तपासून पाहावा आणि शेवटी निबंध किंवा लघुप्रबंध कसा लिहावा, याचे मार्गदर्शन येथे केले आहे.

कामापुरती व्याख्या अशी धरावी. राज्य, सार्वभौमत्व, युद्ध, शांतता, आंतरराष्ट्रीय कायदा या ज्या संकल्पनांच्या आधारे आपल्याला जग समजावून दिले जाते, त्या वसाहतींच्या व्यवहारातून कशा घडल्या, घडताना कोणाचा अनुभव हिशेबात धरला गेला नाही, आणि तो धरला तर त्या संकल्पनेत नेमके काय बदलावे लागते, हे पुराव्यानिशी दाखवणे म्हणजे अभ्यासाचे निर्वसाहतीकरण. या व्याख्येतील तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे आणि विद्यार्थी नेमका तोच गाळतात. अमुक संकल्पना युरोपात जन्मली एवढे सिद्ध केल्याने ती चुकीची ठरत नाही; ती कुठे तोकडी पडते हे दाखवावे लागते.

सत्तांतर आणि ज्ञान यांची गल्लत टाळावी

राजकीय निर्वसाहतीकरण ही इतिहासातील घटनामालिका आहे. १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे संस्थापक सदस्य ५१ होते आणि आज सदस्यसंख्या १९३ आहे. या वाढीचा फार मोठा भाग साम्राज्ये मोडल्यामुळे झालेला आहे. आशिया-आफ्रिकेतील देशांची १९५५ ची बांडुंग परिषद, एकट्या १९६० या वर्षात स्वतंत्र झालेले आफ्रिकेतील १७ देश, आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला आमसभेने संमत केलेला, वसाहतींतील जनतेला स्वातंत्र्य देण्याविषयीचा १५१४ क्रमांकाचा ठराव, हे या मालिकेतील ठळक टप्पे होत. निबंधात हे टप्पे एका परिच्छेदात यावेत. त्याहून अधिक जागा त्यांना देऊ नये.

ज्ञानाचे निर्वसाहतीकरण हा वेगळा दावा आहे. झेंडे बदलले तरी जगाकडे पाहण्याची चौकट बदलली नाही, असे तो सांगतो. तो पटवून देण्यासाठी या विद्याशाखेच्या जन्मकथेपासून आरंभ करणे सोयीचे जाते. पाठ्यपुस्तकांप्रमाणे आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय १९१९ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे पहिले अध्यासन स्थापन झाले तेव्हा, पहिल्या महायुद्धाचा संहार पुन्हा होऊ नये या हेतूने सुरू झाला. ही कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठातून १९१० मध्ये ‘जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट’ हे नियतकालिक निघू लागले. १९१९ मध्ये त्याचे नाव ‘जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स’ झाले आणि १९२२ मध्ये ते ‘फॉरेन अफेअर्स’ या आजही प्रतिष्ठित असलेल्या नियतकालिकात विलीन झाले. म्हणजे युद्ध टाळण्याच्या इच्छेइतकाच, तथाकथित मागासलेल्या वंशांवर राज्य कसे करावे हा प्रश्नही या विषयाच्या पायाशी होता. एवढा एक तपशील, वर्षांसह, उत्तरात नीट मांडला तर ‘पाश्चात्त्य पक्षपात’ हा ढोबळ शब्दप्रयोग करण्याची गरज उरत नाही.

परीक्षेत आणखी एक घोटाळा वारंवार दिसतो. उत्तर-वसाहतवाद, लॅटिन अमेरिकेतील विचारवंतांनी मांडलेला वसाहतिकतेचा सिद्धान्त आणि ‘जागतिक आंतरराष्ट्रीय संबंध’ ही भूमिका या तिन्ही गोष्टी एकच समजून लिहिल्या जातात. एडवर्ड सईद आणि गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांच्यापासून निघणारा प्रवाह वसाहतवाल्यांनी ‘पौर्वात्य’ माणसाचे चित्र कसे रंगवले आणि दबलेल्यांचा आवाज अभिलेखात उमटतो तरी का, असे विचारतो. पेरूचे आनिबाल किहानो यांच्यापासूनचा प्रवाह १४९२ नंतर अमेरिका खंडात रुजलेली वंश आणि श्रम यांची उतरंड साम्राज्ये संपल्यावरही टिकून आहे असे म्हणतो. अमिताव आचार्य यांनी २०१४ मध्ये मांडलेली तिसरी भूमिका तुलनेने सौम्य आहे. ती विद्यमान विषय मोडीत न काढता त्यात इतर प्रदेशांचे अनुभव आणि विचार सामावून घेऊ पाहते. आपण कोणत्या प्रवाहाच्या आधाराने लिहीत आहोत हे एका वाक्यात सांगावे आणि पुढे जावे. तिन्हींची सविस्तर ओळख करून देण्यात पाने खर्च झालेले लघुप्रबंध बहुधा मूळ मुद्द्यापर्यंत पोहोचत नाहीत.

नेमलेले पुस्तक कसे वाचावे

पुस्तक उघडण्यापूर्वी शेवटची सूची पाहावी. त्यात ‘साम्राज्य’, ‘गुलामगिरी’, ‘वंश’ या नोंदी आहेत का, असल्यास किती पानांच्या आहेत, हे टिपून ठेवावे. मग प्रत्येक प्रकरणात कालगणना कोठून सुरू होते ते पाहावे. सार्वभौमत्वाचे प्रकरण जवळपास नेहमी १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहांपासून सुरू होते. वास्तविक त्या तहांच्या मसुद्यांत सार्वभौम राज्यांच्या समानतेचे असे कोणतेही सर्वसाधारण तत्त्व जाहीर केलेले नाही; ते मुख्यतः पवित्र रोमन साम्राज्यातील वाद मिटवणारे करार होते. शिवाय त्याच सतराव्या शतकात इंग्रज आणि डच व्यापारी कंपन्या आपापल्या सनदांच्या बळावर आशियात किल्ले बांधत होत्या, तह करीत होत्या आणि लढायाही लढत होत्या. राज्य हाच एकमेव कर्ता असे सांगणाऱ्या प्रकरणाच्या समासात ‘कंपनीचे काय?’ हा प्रश्न पेन्सिलीने लिहून ठेवावा.

या ठिकाणी मराठीतला एक आधार उपयोगी पडतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, टोपीकर (युरोपीय व्यापारी) हे इतर सावकारांसारखे नाहीत, त्यांच्यामागे त्यांचे राजे उभे आहेत, म्हणून त्यांना वखारीसाठी जागा देताना ती समुद्रकिनाऱ्यालगत किंवा किल्ल्याजवळ देऊ नये, अशा आशयाचा इशारा आहे. व्यापार आणि राज्यसत्ता यांची ही सांगड कोकणपट्टीवर बसून ओळखली गेली होती. मात्र हा उतारा ‘आमच्याकडेही सिद्धान्त होता’ अशा अभिमानासाठी वापरू नये. वेस्टफालियाच्या नेहमीच्या कथेत जो कर्ता दिसत नाही तो त्या काळातील एका कारभाऱ्याला स्पष्ट दिसत होता, एवढाच त्याचा उपयोग आहे आणि तो पुरेसा आहे.

त्यानंतर उदाहरणांचे भूगोल तपासावेत. शीतयुद्धाच्या काळाला ‘दीर्घ शांतता’ म्हणणारे प्रकरण घेतले तर कोरिया, व्हिएतनाम, अल्जीरिया आणि काँगो येथील युद्धे त्या शांततेत कशी बसवली आहेत, हे शोधावे. अण्वस्त्रांच्या प्रकरणात भीतीच्या समतोलाचे विवेचन भरपूर असते, पण अणुचाचण्या कोणाच्या भूमीवर झाल्या याचा उल्लेख क्वचितच आढळतो. अमेरिकेने १९४६ ते १९५८ या काळात मार्शल बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या आणि त्यांतील बहुतेक चाचण्या ती बेटे संयुक्त राष्ट्रांच्या विश्वस्त-व्यवस्थेखाली अमेरिकेकडे सोपवलेली असताना झाल्या. फ्रान्सने आपली पहिली चाचणी १९६० मध्ये अल्जीरियाच्या वाळवंटात केली. हे तपशील घातले की परस्परप्रतिबंधाचा, म्हणजे अण्वस्त्रांच्या परस्पर धाकाने युद्ध टळते असे सांगणारा, सिद्धान्त खोटा ठरत नाही. परंतु तो ज्या ‘सुरक्षे’विषयी बोलतो ती कोणाची सुरक्षा, हा प्रश्न सिद्धान्ताच्या आतच उभा राहतो. वर सांगितलेल्या व्याख्येचा तिसरा भाग म्हणजे हेच.

सार्वभौमत्व : शहापूरचे उदाहरण

आपल्या भागातील विद्यार्थ्यांना सार्वभौमत्वाची चर्चा करण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. आज बेळगाव शहरातच मोडणारे शहापूर १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत सांगली संस्थानात होते, आणि लगतचे बेळगाव व लष्करी कॅम्प १८१८ पासून ब्रिटिशांच्या थेट अमलाखाली होते. एकाच वस्तीत दोन प्रकारचे राज्य नांदत होते, आणि संस्थानिकावर अधिसत्ता ब्रिटिशांचीच होती. किल्ला, संस्थान, छावणी आणि मुंबई इलाखा यांचे हे थर लक्षात घेतले, तर सार्वभौमत्व एकसंध आणि अविभाज्य असते ही पाठ्यपुस्तकातील व्याख्या जगाच्या मोठ्या भागाला लागू नव्हती हे उघड होते. वसाहतींत सार्वभौमत्व वाटून, भाड्याने देऊन, अंशतः राखून ठेवून चालवले जात असे.

किट्टूरचे उदाहरणही याच प्रकरणात येते. १८२४ मध्ये कंपनीने किट्टूरच्या गादीवरील दत्तकाला मान्यता नाकारली. राणी चन्नम्मांनी लढा दिला, आणि पहिल्या चकमकीत धारवाडचा कलेक्टर थॅकरे मारला गेला. वारसा मान्य करण्याचा अधिकार कोणाचा, हा सार्वभौमत्वाचाच प्रश्न होता. या विषयावर कन्नडमध्ये विपुल लेखन आहे आणि सीमाभागातील विद्यार्थ्याला ते वाचता येत असेल तर त्याने ते अवश्य वापरावे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा हा त्याचा मोठा लाभ आहे, आणि भाषिक वादामुळे तो सोडून देणे अभ्यासाच्या दृष्टीने निव्वळ नुकसानीचे ठरते.

भारताचे आंतरराष्ट्रीय स्थानही असेच विचित्र होते. स्वतंत्र नसताना भारताच्या वतीने १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर सही झाली. सही करणाऱ्यांत ब्रिटनचे भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंग होते. भारत राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य होता आणि १९४५ मध्ये संयुक्त राष्ट्रांचाही. १९४६ मध्ये, स्वातंत्र्यापूर्वीच, भारताने दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांच्या वागणुकीचा प्रश्न आमसभेत नेला. राज्य आधी आणि आंतरराष्ट्रीय सदस्यत्व मागाहून, हा क्रम येथे उलटलेला दिसतो. निबंधात हा परिच्छेद घालताना ‘अपवाद’ हा शब्द टाळावा, कारण वसाहतींच्या जगात अपवाद कोणता आणि नियम कोणता हेच तर तपासायचे आहे.

युद्ध : कूत-अल-अमाराचा वेढा

बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर आहे आणि या परिसरातील असंख्य घरांचा पलटणीशी संबंध आहे. म्हणून पहिल्या महायुद्धाचे उदाहरण येथून घ्यावे. विषयाच्या जन्मकथेतील युद्ध हे फ्रान्स आणि बेल्जियममधील खंदकांचे युद्ध आहे. परंतु डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातील कूत-अल-अमारा येथे उस्मानी सैन्याने वेढलेल्या आणि अखेर शरण गेलेल्या सहाव्या पूना डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ज्या प्रदेशासाठी त्या लढल्या तो युद्धानंतर इराक म्हणून ब्रिटनच्या अधिदेशाखाली, म्हणजे राष्ट्रसंघाने सोपवलेल्या कारभाराखाली, गेला. वेढ्याच्या आधीच, १९१५ मध्ये, कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी या युद्धाची मुळे आफ्रिकेच्या लुटीसाठी चाललेल्या युरोपीय स्पर्धेत आहेत असे मांडले होते. ॲबरिस्टविथच्या अध्यासनापूर्वीचा हा विचार या विषयाच्या पाठ्यक्रमात कित्येक दशके आला नाही, ही नोंद निबंधात अवश्य करावी.

या उदाहरणाचा शेवट स्मारकापाशी करता येतो. बसरा येथील युद्धस्मारकावर साध्या भारतीय शिपायांची नावे कोरण्याऐवजी पलटणीनिहाय संख्या नोंदण्यात आली होती. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या विशेष समितीने असे मान्य केले की भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन मृतांपैकी सुमारे ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण इतरांच्या बरोबरीने झाले नाही. जागतिक राजकारणात कोणाचा मृत्यू नावानिशी मोजला जातो, या प्रश्नासाठी याहून स्पष्ट पुरावा क्वचित मिळेल.

तरीही या ठिकाणी सावधगिरी हवी. कूतचे शिपाई साम्राज्याचे बळी होते तसे त्याचे हातही होते. शिवाय लढवय्या जमातींच्या वसाहतकालीन कल्पनेमुळे कोणाला पलटणीत घ्यायचे आणि कोणाला नाही हे जातीवर ठरत होते. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली ती याच धोरणातून. पराक्रमाची यादी लिहून हा विषय संपवू नये.

कायदा : हेगमध्ये वाचलेला पुण्याचा तह

सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यासाठी सर्वांत समृद्ध उदाहरण माझ्या मते हे आहे, आणि लघुप्रबंधासाठी विषय शोधणाऱ्याने येथे थोडे थांबावे. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये दादरा आणि नगरहवेली ही भारतीय प्रदेशाने वेढलेली ठाणी पोर्तुगीज अमलातून मुक्त झाली. भारताने पोर्तुगीज अधिकारी व सैन्य यांना दमणहून तिकडे जाण्यास मज्जाव केल्यामुळे पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. त्याचा एक मुख्य आधार होता १७७९ मध्ये पेशव्यांशी झालेला पुण्याचा तह, आणि त्यानंतर १७८३ व १७८५ मध्ये गावे सोपवली गेली तो व्यवहार. म्हणजे नाना फडणविसांच्या काळातील कारभाराची कागदपत्रे विसाव्या शतकाच्या मध्यावर आंतरराष्ट्रीय न्यायाधीशांसमोर वाचली गेली.

१२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तीन गोष्टी सांगितल्या, आणि त्या वेगवेगळ्या वाचाव्यात. पहिली अशी की, अठराव्या शतकातील भारतीय उपखंडात झालेल्या तहाची वैधता नंतरच्या काळात रुळलेल्या पद्धतींवरून ठरवता येणार नाही. तह वैध धरावा लागेल. दुसरी अशी की, त्या तहाने मराठ्यांनी पोर्तुगीजांना सार्वभौमत्व दिले नाही, तर जहागीर किंवा सरंजाम या स्वरूपाचा महसुली हक्क दिला. तिसरी अशी की, तरीही पुढे ब्रिटिशांनी पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व प्रत्यक्ष व्यवहारात मान्य केले आणि भारतानेही मौनाने ते चालू ठेवले, म्हणून १९५४ मध्ये पोर्तुगालला त्या गावांवर सार्वभौमत्व होते. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता. भारताने आपल्या दायित्वाचा भंग केला नाही, असाही निर्वाळा न्यायालयाने दिला. न्या. छागला यांनी भारतातर्फे तदर्थ (त्या खटल्यापुरते नेमलेले) न्यायाधीश म्हणून काम पाहिले आणि बहुमताशी मतभेद नोंदवला.

आता या निकालाचे निर्वसाहतवादी वाचन कसे करावे? पहिल्या मुद्द्यावरून आंतरराष्ट्रीय कायदा युरोपात जन्मून मग हळूहळू बाहेर पसरला ही कथा डळमळते, कारण न्यायालयाने मराठे आणि पोर्तुगीज यांच्यातील तहाला तह म्हणूनच वागवले. दुसऱ्या मुद्द्यात न्यायालयाला मराठी राज्यकारभारातील हक्कांचा सूक्ष्म भेद समजून घ्यावा लागला. तिसऱ्या मुद्द्यात मात्र साम्राज्याची चौकट परत येते: एका वसाहतवादी सत्तेने दुसऱ्या वसाहतवादी सत्तेला दिलेली मूक मान्यता ही हक्काचा उगम ठरते. आणि संपूर्ण खटल्यात दादरा-नगरहवेलीचे रहिवासी कुठेच पक्षकार नाहीत, कारण त्या न्यायालयात केवळ राज्येच पक्षकार होऊ शकतात. ज्याला या चारही गोष्टी एका निबंधात संगतवार मांडता आल्या त्याला विषय समजला असे खुशाल धरावे. निकाल आणि दोन्ही बाजूंचे युक्तिवाद न्यायालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजी व फ्रेंचमध्ये विनामूल्य वाचता येतात. मोडी येत असल्यास पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांशी ताळा घालण्याचे काम पुढील संशोधनासाठी खुले आहे.

यालाच जोडून गोव्याचा प्रश्न घ्यावा. चोर्ला घाटाने गोव्याशी जोडलेल्या बेळगावात गोवा मुक्तिसंग्रामाच्या आठवणी अजून जिवंत आहेत, परंतु त्या आठवणींना पुरावा समजू नये; पुराव्यासाठी संयुक्त राष्ट्रांची कागदपत्रे पाहावीत. १९६० च्या १५४२ क्रमांकाच्या ठरावात गोवा आणि त्याचे अवलंबित प्रदेश स्वशासन नसलेल्या प्रदेशांत गणले गेले होते. भारताने गोव्यात सैन्य पाठवल्यावर १८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे अशी मागणी करणाऱ्या ठरावाला ७ मते मिळाली, विरोधात ४. सोव्हिएत नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. एका बाजूचा युक्तिवाद संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील बळाच्या वापरावरील बंदीचा होता, दुसऱ्या बाजूचा असा की वसाहत हीच चालू असलेली आक्रमणाची स्थिती आहे, म्हणून ती सीमा खरी आंतरराष्ट्रीय सीमाच नव्हे. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस, लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यानंतर.

मराठी विद्यार्थ्याने या प्रकरणात आणखी एक पाऊल टाकावे, जरी ते अवघड वाटले तरी. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याच्या मतदारांनी महाराष्ट्रात विलीन होण्याचा पर्याय बहुमताने नाकारला. भारत विरुद्ध पोर्तुगाल एवढीच मांडणी केली तर गोमंतकीय माणूस आपल्या मांडणीतूनही गळतो. दुसऱ्याने कोणाला गाळले ते दाखवणाऱ्याने आपण कोणाला गाळत आहोत हे तपासलेच पाहिजे.

दोन सोपे पण घातक रस्ते

पहिला रस्ता सुवर्णयुगाचा. वसाहतपूर्व काळ न्याय्य होता आणि सर्व विषमता इंग्रजांनी आणली, असे गृहीत धरून लिहिलेला निबंध मराठी वाचकापुढे टिकू शकत नाही, कारण आपल्याच परंपरेत त्याचे उत्तर आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले आणि शूद्रातिशूद्रांच्या दास्याची सांगड थेट त्या लढ्याशी घातली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये वर उल्लेखिलेल्या ड्यूबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडील अर्जाविषयी विचारणा केली. राष्ट्राच्या सीमेबाहेर जाऊन जुलमांची तुलना करणारा हा विचार जागतिक राजकारणाचा विचारच आहे, आणि देशी म्हणजे निर्दोष हे समीकरण तो मोडतो.

दुसरा रस्ता आपल्या भागात विशेष मोहाचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. या सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ मध्ये आला. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या प्रश्नाविषयी तीव्र भावना असलेले विद्यार्थी निबंधात सीमाभागाला सरळ ‘वसाहत’ म्हणतात. अभ्यासाच्या दृष्टीने हा शब्द येथे जपून वापरावा. वसाहत म्हणण्यासाठी दूरच्या सत्ताकेंद्राकडे होणारे संपत्तीचे शोषण, नागरिकत्वाची कायदेशीर विषमता आणि वंशश्रेष्ठत्वाची विचारसरणी यांचा पुरावा द्यावा लागतो. येथील लोक मतदान करतात, निवडून येतात, न्यायालयात जातात. त्यांच्या तक्रारी खऱ्या असू शकतात, परंतु त्यांचे स्वरूप संघराज्यातील भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचे आहे. त्यांसाठी संविधानातील ३५०क आणि ३५०ख हे अनुच्छेद, जे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आले, ते वाचावेत. ‘अंतर्गत वसाहतवाद’ (एकाच देशातील एका भागाने दुसऱ्याला वसाहतीसारखे वागवणे) ही संकल्पना समाजशास्त्रात आहे, पण ती वापरायची तर तिच्या अटी एकेक करून तपासाव्या लागतील.

याचा अर्थ सीमाप्रश्नाचा वसाहतकाळाशी संबंध नाही असे नव्हे. तो वेगळ्या ठिकाणी आहे. जनगणनेने प्रत्येक माणसाची एकच मातृभाषा नोंदवली आणि भाषिक सर्वेक्षणाने भाषांचे नकाशे काढले, आणि प्रदेश म्हणजे एका भाषेची मालकी ही कल्पना त्यांतून बळकट झाली. खानापूर तालुक्यातील एकाच कुटुंबात मराठी, कन्नड आणि कोंकणी ऐकू येऊ शकतात, त्यांना त्या रकान्यात कसे बसवले गेले हा निर्वसाहतीकरणाचा अस्सल प्रश्न आहे. १८८४ चे बेळगाव गॅझेटियर या दृष्टीने चाळावे. माहितीसाठी तर चाळावेच, पण त्यातील वर्गवारी कोणाच्या सोयीने केली आहे हे पाहण्यासाठी अधिक.

लिहिताना

विषय लहान घ्यावा. ‘आंतरराष्ट्रीय संबंधांचे निर्वसाहतीकरण : एक अभ्यास’ या शीर्षकाखाली कोणालाही काही नवे लिहिता येणार नाही, ‘पुण्याचा तह आणि हेगचा निकाल : सार्वभौमत्वाच्या दोन कल्पना’ या शीर्षकाखाली येईल. आरंभी नेहमीची संकल्पना तिच्या समर्थकांना पटेल इतक्या प्रामाणिकपणे मांडावी, मग आपले उदाहरण, आणि शेवटी संकल्पनेत सुचवलेली दुरुस्ती. ‘पाश्चात्त्य सिद्धान्त भारताला लागू पडत नाहीत’ हे वाक्य परीक्षकाला काहीच सांगत नाही. ‘सार्वभौमत्व अविभाज्य असते हे गृहीत धरल्यास शहापूर आणि बेळगाव यांच्यातील १९४८ पूर्वीचा फरक समजावून देता येत नाही’ हे वाक्य खोडूनही काढता येते आणि सिद्धही करता येते. म्हणून ते अभ्यासाचे वाक्य आहे.

अभिलेखांतील मौनाविषयी लिहिताना कल्पनेने आवाज भरू नयेत. कूतच्या शिपायाला काय वाटले असेल हे त्याचे पत्र हाती असेल तरच लिहावे; नसेल तर ते कागद का उरले नाहीत याचे कारण शोधावे. मसुदा झाल्यावर तो एखाद्या कन्नड भाषिक आणि शक्य असल्यास एखाद्या गोमंतकीय सहाध्यायाला वाचायला द्यावा. ‘आपण’ हा शब्द कोणाला धरून वापरला आहे हे त्यांच्या चटकन लक्षात येते.

मौखिक परीक्षेत बहुधा विचारले जाते, की हे सर्व वास्तववादाने, म्हणजे राज्ये बळ आणि हितसंबंध पाहूनच वागतात असे मानणाऱ्या सिद्धान्ताने, समजावून देता येत नाही काय. याचे उत्तर तयार ठेवावे आणि ते आक्रमक नसावे. भारताने गोव्यासाठी १४ वर्षे का वाट पाहिली, पोर्तुगालचे नाटो सदस्यत्व आड कसे येत होते आणि सोव्हिएत पाठिंब्याचा भरवसा किती मोलाचा होता, हे वास्तववाद चांगले समजावतो आणि तसे मान्य करावे. परंतु सुरक्षा परिषदेत सोव्हिएत संघाबरोबर सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनीही भारताविरुद्धच्या ठरावाच्या विरोधात मत का दिले, आणि लष्करी यश हाताशी असताना ती सीमा मुळात वैध नव्हती हे पटवून देण्याचा खटाटोप भारताने का केला, याचा उलगडा केवळ बळाच्या हिशेबाने होत नाही. त्या देशांना आणि भारताला वसाहतीचा अनुभव राजकीय युक्तिवाद म्हणून जगापुढे मांडता येत होता, आणि तो ऐकणारे सदस्य संयुक्त राष्ट्रांत नुकतेच मोठ्या संख्येने आले होते. हे नवे सदस्य १९४५ मध्ये तेथे नव्हते.